ओटा, सागवान आणि सहीचं टेबल

साताऱ्या-सांगलीकडच्या अनेक कुटुंबांची आयुष्यातली सर्वांत मोठी खरेदी म्हणजे पुण्यातला फ्लॅट. त्याच्यामागोमाग येते ती ‘आतल्या कामा’ची दुसरी खरेदी. पहिल्या खरेदीला वकील कागद वाचतो, बँक तपासणी करते, महारेराचा क्रमांक घालून इमारतीची माहिती घरबसल्या काढता येते. दुसऱ्या खरेदीला यातलं काहीच नसतं. वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आहे. त्या कायद्याखालच्या परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय कुणाला स्वतःच्या नावापुढे आर्किटेक्ट लावता येत नाही. इंटिरिअर डिझायनरसाठी असा कायदा आजही नाही. योगायोगानं त्याच १९७२ साली ‘इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरिअर डिझायनर्स’ ही व्यावसायिकांची संस्था स्थापन झाली आणि तिचं काम पुण्यातही चालतं, पण तिचं सभासद होणं न होणं ज्याच्या त्याच्या मर्जीवर. त्यामुळे चांगलं शिकलेला, अनुभवी डिझायनर आणि काल पाटी लावलेला माणूस, दोघांची पत्रकं आपल्या दाराशी सारखीच येऊन पडतात. घरमालकानं स्वतः थोडं शिकणं, एवढाच उपाय उरतो. या व्यवसायाची प्रदर्शनं आणि त्यांतली व्याख्यानं मला म्हणूनच महत्त्वाची वाटतात, आणि धाकट्या भावाच्या वाकडच्या घराचं काम निघाल्यावर वहिनींना घेऊन मी पुण्याला गेले तीही तेवढ्यासाठीच.

साताऱ्याहून एसटीनं स्वारगेटला उतरलं, की आता मेट्रो तिथेच मिळते. स्वारगेट ते जिल्हा न्यायालय हा भुयारी टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला. न्यायालयाच्या स्थानकात मार्ग बदलायचा. हे स्थानक जमिनीखाली ३३ मीटरवर आहे, देशातल्या सर्वांत खोल स्थानकांपैकी एक. इतक्या खोलवर उभं असताना डोक्यावर शहर आहे हे जाणवत नाही. उंच छत, मोकळा उजेड आणि सरकत्या जिन्यांच्या लांबच लांब रांगा. घराच्या आतल्या जागेचा विचार करायला निघालेल्या माणसानं इथे जरा थांबावं. छतातून थेट फलाटापर्यंत पोचणारा सूर्यप्रकाश, दिव्यांचा रंग आणि भिंतींचा फिकेपणा मिळून माणसाला कोंदटल्यासारखं होऊ देत नाहीत, हे इथे अनुभवता येतं. तिथून वर येऊन रामवाडीकडे जाणारी गाडी धरली, की मुळा-मुठा ओलांडून येरवडा. पुढे रिक्षा.

नगर रस्त्याचा हा भाग घरसजावटीच्या व्यापाराला नवा नाही. येरवड्यात गोल्फ मैदानासमोर ‘दीपक फर्टिलायझर्स’ या खत कंपनीनं फक्त घराच्या आतल्या-बाहेरच्या सजावटीला वाहिलेलं ‘इशान्य’ हे संकुल उभं केलं. फरशीपासून दिव्यापर्यंत सगळं एका आवारात, मधे मोकळ्या जागा आणि कार्यक्रमांसाठी व्यवस्था. त्या काळात हा धाडसाचा प्रयोग होता. पुढे त्याचं नाव ‘क्रिएटिसिटी’ झालं. पुणेकराला फर्निचर म्हणजे लक्ष्मी रस्ता किंवा ओळखीचा सुतार एवढंच ठाऊक होतं, त्या काळात या संकुलानं घर पाहायची सवय लावली, याचं श्रेय त्याला द्यायला हवं. आम्ही गेलो ते प्रदर्शन मात्र तात्पुरत्या मांडवातलं, व्यावसायिकांसाठी भरवलेलं आणि सामान्य लोकांनाही नोंदणी करून प्रवेश देणारं.

दालनांबद्दल फार लिहीत नाही, कारण ती सगळीकडे सारखीच असतात. मोरबीहून आलेल्या टाइल्स आता सहा फुटी माणसाच्या डोक्यावरून जातील एवढ्या मोठ्या झाल्यात. संगमरवराची छपाई इतकी हुबेहूब, की हात लावला तरी संशय येत नाही. लॅमिनेटच्या नमुन्यांच्या भिंती, आपोआप हळूच मिटणारे ड्रॉवर, नळ, पडदे. वहिनी टाइल्सपाशी रमल्या, त्यांना तेवढा वेळ दिला.

एका दालनापाशी मात्र आम्ही दोघी खूप वेळ उभ्या होतो. तिथे एका भांड्यात पाणी उकळत होतं आणि त्यात प्लायवूडचे तुकडे तरंगत होते. घरातल्या बहुतेक कामाचा सांगाडा प्लायचा असतो आणि तोच लॅमिनेटच्या आड झाकला जातो, म्हणून फसवणूकही तिथेच होते. भारतीय मानकांप्रमाणे साध्या प्लायला आयएस ३०३ आणि पाण्याला टिकणाऱ्या, ‘मरीन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्लायला आयएस ७१० लागू होतं. ७१० च्या प्लायचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवूनही त्याचे थर सुटता कामा नयेत. ओट्याखालच्या कपाटांना, सिंकच्या आसपास आणि मोरीच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटाला हा प्लाय लागतो. बैठकीतल्या टीव्हीच्या युनिटला तो वापरून पैसे घालवायची गरज नाही. प्लायच्या प्रत्येक तक्त्यावर आयएसआयचा शिक्का आणि त्याखाली परवाना क्रमांक असतो. तो क्रमांक मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये घालून पाहता येतो. दालनातल्या तरुणानं तो आम्हाला तिथल्या तिथे काढून दाखवला. नव्या कपाटाचा डोळ्यांना झोंबणारा वास कशाचा, तेही त्यानं सांगितलं. हा वास लाकडाचा नसतो, चिकटवायच्या गोंदातल्या फॉर्मल्डिहाइडचा असतो. घरात दम्याचा माणूस किंवा तान्हं मूल असेल, तर कमी उत्सर्जनाचा, म्हणजे ‘ई-वन’ किंवा ‘ई-झिरो’ वर्गाचा माल मागायचा आणि काम झाल्यावर खिडक्या उघड्या ठेवून घर काही आठवडे वारं खाऊ द्यायचं.

“ताई, आपला मिस्त्री म्हणाला होता, सगळा प्लाय एकच असतो,” वहिनी म्हणाल्या. तो तरुण हसला नाही. “मॅडम, मिस्त्रीला शिक्का दाखवून आणायला सांगा. बिलावर क्रमांक लिहून घ्या,” एवढंच तो म्हणाला. सगळ्या प्रदर्शनातला सर्वांत उपयोगी सल्ला तोच होता.

दुपारी व्याख्यानं सुरू झाली. मला ज्यासाठी यायचं होतं ते हे. पहिलं प्रकाशावर होतं. दिव्याच्या खोक्यावर केल्विनमध्ये एक आकडा छापलेला असतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर ऊबदार उजेड, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. आपल्याकडे पांढरा उजेड म्हणजे जास्त उजेड असं समजून झोपायच्या खोलीतही ६५०० चे दिवे लागतात, आणि मग रात्री डोळे मिटत नाहीत. वक्त्यानं सभागृहातले दिवे आळीपाळीनं बदलून त्याच माणसांचे चेहरे, तीच साडी, तेच फळ दाखवलं. आंब्याचा रंग एका दिव्याखाली खावासा वाटला आणि दुसऱ्याखाली शिळा. यावर आणखी शब्द खर्च करायची गरज पडली नाही.

दुसरं स्वयंपाकघरावर होतं, आणि तिथे सभागृह भरून वाहत होतं. वक्त्या स्वतः डिझायनर. त्यांनी सुरुवात केली १९२६ सालच्या फ्रँकफर्टपासून. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत कामगारांसाठी हजारो घरं बांधायची होती. मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी त्यांच्यासाठी जेमतेम दोन मीटर रुंद आणि साडेतीन मीटर लांब स्वयंपाकघर आखलं. आगगाडीच्या भोजनडब्यातल्या स्वयंपाकाची मांडणी त्यांनी अभ्यासली. बाई चालते किती, वाकते किती, वळते किती, याची घड्याळ लावून मोजदाद झाली. पिठासाठी, तांदळासाठी खूण केलेले खण, भिंतीला मिटणारा इस्त्रीचा फळा, बसून काम करता यावं म्हणून फिरतं स्टूल. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसवली गेली. आज आपण ‘मॉड्युलर’ म्हणतो त्याचं मूळ तिथे आहे.

पुढे त्या आपल्या ओट्याकडे वळल्या. चूल जमिनीवर होती तोवर सगळा स्वयंपाक बसून होता. विळी, पाटा-वरवंटा, परात, पोळपाट सगळं बसलेल्या उंचीचं. गॅस आला, चाळीत आणि फ्लॅटमध्ये ओटा आला, आणि बाई उभी राहिली. पण तो ओटा कुणाच्या उंचीचा? बांधकाम करणारा ३२ ते ३४ इंचांच्या आसपास बांधून मोकळा होतो. पाच फुटांच्या सासूबाई आणि पाच फूट सहा इंचांची सून दोघींना तोच. त्यांनी साधी रीत सांगितली. सरळ उभं राहून कोपर काटकोनात वाकवायचं आणि कोपरापासून सुमारे चार इंच खाली ओट्याची पाठ यावी. पोळ्या लाटायला त्याहून किंचित खाली हवं, कारण लाटण्यावर खांद्याचा भार पडतो. ज्या घरात रोज पंधरा-वीस पोळ्या होतात, तिथे ओट्याचा एक तुकडा खालच्या पातळीला ठेवायला काहीच हरकत नाही. परदेशी कॅटलॉगात हे सापडणार नाही, कारण त्यांच्याकडे पोळी नाही.

व्याख्यान इंग्रजीत होतं. प्रश्नांच्या वेळी मागच्या रांगेतून एक सुतार उठले. पुण्यातल्या आतल्या कामाचा फार मोठा भार राजस्थानातून आलेले सुतार उचलतात, तेही त्यांतलेच, आणि वर्षानुवर्षं इथे राहून बोलत होते ते चांगल्या मराठीत. “मॅडम, उंची आम्ही बाईंना विचारतो. पण ड्रॉइंग साहेबांकडून येतं आणि बाई त्या वेळी घरी नसतात. मग कुणाचं ऐकायचं?” वक्त्या मंचावरून खाली उतरल्या. त्यांना पुढे बोलावून घेतलं, त्यांचाच हात कोपरात वाकवला आणि मोजपट्टी लावून दाखवली. म्हणाल्या, “दादा, ड्रॉइंगवर आकडा असला, तरी ओटा टाकायच्या आधी त्या बाईंना एकदा उभं करा आणि असं मोजा. आकडा बदलला तर मला फोन करा, मी ड्रॉइंग बदलीन.” हे बोलणं मराठीत झालं आणि टाळ्या सर्वांत जास्त याच मिनिटाला पडल्या. रेखाटणारा, ठोकणारा आणि वापरणारी, तिघं एका जागी बोलताना मी प्रथमच पाहिली. या धंद्यातलं निम्मं नुकसान हे तिघं भेटत नाहीत म्हणून होतं, असं माझं ठाम मत आहे.

तिसरं व्याख्यान म्हाताऱ्या माणसांच्या घरावर. मोरीत घसरणार नाही अशी फरशी, आधाराला पकडायची दांडी, चाकाची खुर्ची जाईल असं ९०० मिलिमीटर मोकळं दार, बिछान्यापासून मोरीपर्यंत रात्री जळणारा मंद दिवा. खर्च नगण्य, पण घर बांधताना केलं तरच. नंतर भिंती फोडाव्या लागतात.

सभागृहाबाहेर पुस्तकांचं टेबल होतं आणि लेखक सही द्यायला बसले होते. रांगेत विद्यार्थी जास्त. पुण्यात आतल्या जागेचं आणि वास्तूचं शिक्षण देणाऱ्या संस्था बऱ्याच आहेत. कर्वेनगरचं मुलींचं भानुबेन नानावटी महाविद्यालय १९९४ पासून आहे, भारतीय कला प्रसारिणी सभेचा वारसा तर १९३६ पासूनचा. मुली पुस्तक उघडून पहिलं पान पुढे करत होत्या आणि सही होईपर्यंत लेखकाला एखादा प्रश्न विचारून घेत होत्या. त्या अर्ध्या मिनिटासाठीच ही रांग असते. एकीनं विचारलं, पहिलं काम मिळालं तेव्हा भीती वाटली का? लेखकानं सही अर्धवट ठेवून तिला सविस्तर उत्तर दिलं, आणि मागच्यांनी कुरकूर केली नाही.

टेबलावर क्रिस्टोफर बेनिंजर यांचं ‘लेटर्स टू अ यंग आर्किटेक्ट’ही होतं. अमेरिकेत जन्मलेला हा माणूस १९७६ मध्ये पुण्यात आला, इथे ‘सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज अँड अ‍ॅक्टिव्हिटीज’ उभी केली, मुळशीकडच्या डोंगरावर महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज रेखाटलं आणि इथलाच झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते गेले. त्यांच्या पुस्तकावर आता सही मिळणार नाही, तरी तेच सर्वांत जास्त चाळलं जात होतं. पुण्याचेच वास्तुविशारद नरेंद्र डेंगळे यांचं ‘डायलॉग्ज विथ इंडियन मास्टर आर्किटेक्ट्स’ मी उचललं.

मराठी पुस्तक एकही नव्हतं. मला याचं मनापासून वाईट वाटलं, कारण या विषयावर मराठीत उत्तम लिहिलं गेलंय. माधव आचवल बडोद्याला वास्तुकला शिकवत. त्यांचं ‘किमया’ १९६१ चं. प्रकाश, पोत, दगड, मोकळी जागा यांच्याकडे कसं पाहावं हे त्या पुस्तकानं मराठी वाचकाला शिकवलं, तेही कुठलाही तांत्रिक बोजा न टाकता. डेंगळ्यांनीही मराठीत ‘झरोका’ लिहिलंय. घर मराठी माणसाचं, काम करणारे मराठी समजणारे, पैसा मराठी माणसाचा, आणि टेबलावर त्याच्या भाषेतलं पुस्तक नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही गावात शिरलो. प्रदर्शनाला आलेल्या प्रत्येकानं हे करावं, असं मी आग्रहानं म्हणेन. शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय हे माझ्या मते घराच्या आतल्या वस्तूंचं देशातलं सर्वांत मोलाचं भांडार. दिनकर गंगाधर केळकर, ‘अज्ञातवासी’ नावानं कविता लिहिणारे. राजा नावाचा मुलगा लहानपणी गेला, त्याच्या नावानं त्यांनी वस्तू गोळा करण्यात आयुष्य घातलं आणि संग्रह राज्य सरकारच्या हाती सोपवला. २० हजारांहून अधिक वस्तू, त्यांतल्या थोड्याच मांडता येतात. नक्षीदार दारं, चौकटी, समया, लामणदिवे, अडकित्ते, शेवयांचे सोरे, खवण्या, अंग घासायच्या वज्री, विंचवाच्या आकाराचं कुलूप. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून त्यांनी इथे एक दालनच उभं केलंय. कालच्या वक्त्यांचं बोलणं इथे उलगडतं. विळीला बसायचा पाट किती रुंद, अडकित्त्याची मूठ कुठे जाड, दिव्याची वात किती उंचीवर, हे सगळं कुणीतरी हाताच्या आणि कोपराच्या मापानंच ठरवलं होतं.

तिथून चालत विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावानं १८०७ मध्ये बांधलेला. पेशवाई गेल्यावर १८२१ मध्ये इथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली, तीच पुढे डेक्कन कॉलेज झाली. १८७९ च्या आगीत वाड्याचा काही भाग जळाला, तो नंतर पुन्हा उभा केला गेला. दर्शनी भागातले सुरूच्या आकाराचे सागवानी खांब आणि त्यांवरची केळफुलं पाहायला वर मान करून उभं राहावं लागतं. आत चौक, चौकाभोवती पडव्या, वर कडीपाट. पुण्याच्या एप्रिलमध्ये पडवीत उभं राहिलं तरी उन्हाचा चटका लागत नाही, कारण गरम हवा चौकातून वर निघून जाते. आजचा फ्लॅट चौक देऊ शकत नाही, पण समोरासमोर खिडक्या मोकळ्या ठेवणं, त्यांच्यापुढे उंच कपाट न उभारणं आणि बाल्कनी काच लावून खोलीत न घालणं, एवढं तरी वाड्याकडून घेता येतं. भावाच्या घराच्या आराखड्यातलं खिडकीसमोरचं कपाट वहिनींनी तिथेच रद्द केलं.

कसब्यातल्या तांबट आळीत शिरण्याआधी हातोड्यांचा आवाज ऐकू येतो. पेशवाईत कोकणातून आलेले हे कारागीर. तांब्याच्या पत्र्यावर ओळीनं ठोके देत जायचं, ठोक्याला ठोका लागला पाहिजे आणि एकही दुसऱ्यावर चढता कामा नये, हे मठारकाम. त्यानं भांडं नुसतं चमकत नाही, पत्रा कडक होतो. बंब, हंडे, घंगाळं यांना गिऱ्हाईक राहिलं नाही तेव्हा ही आळी थंडावत चालली होती. वारसा जपणाऱ्या ‘इंटॅक’ या संस्थेच्या पुणे शाखेनं पुढाकार घेऊन कारागिरांची डिझायनरांशी गाठ घालून दिली, आणि आता तेच ठोके दिव्यांच्या छत्र्यांवर, पेल्यांवर, ताटांवर दिसतात. प्रदर्शनातल्या चकचकीत दालनात अशाच दिव्याची किंमत विचारली होती. इथे तो बनवणारा समोर बसलेला असतो, आणि आपल्या मापाचा करून देतो.

शेवटी भवानी पेठेतलं टिंबर मार्केट. सागवान इथे घनफुटावर विकलं जातं. बल्लारशाचा साग अजूनही मानाचा, बाकी आफ्रिकेतून आणि दक्षिण अमेरिकेतून आलेला. पाडलेल्या वाड्यांचा जुना सागही शहरात विकत मिळतो. शंभर-दीडशे वर्षं वाळलेलं ते लाकूड वाकत नाही, म्हणून जाणते सुतार दारासाठी तेच शोधतात. वाडा पडतो याचं दुःख आहेच, पण त्याची तुळई नव्या घरात दार होऊन राहिली तर ती जळणात जाण्यापेक्षा कितीतरी बरं.

ज्यांना घराचं काम काढायचं आहे, त्यांनी आधी असं एखादं प्रदर्शन गाठावं, दालनांना एक तास आणि व्याख्यानांना उरलेला दिवस द्यावा, आणि आपल्या मिस्त्रीला बरोबर न्यावं. त्याच्या त्या दिवसाची मजुरी द्यावी, ती वसूल होते. आयोजकांना माझी विनंती आहे की पुढच्या वेळी किमान एक व्याख्यान मराठीत ठेवा, सुतार, फरशीवाले आणि रंगारी यांना शुल्काशिवाय आत सोडा, आणि पुस्तकांच्या टेबलावर ‘किमया’च्या प्रती मांडा.